संशयाने पोट ढवळलं की आधी तीन रकाने आखा

जोडीदाराबद्दल संशय आला की हात आधी फोनकडे जातो. फोन बाजूला ठेवा, कागद घ्या. मी कॉलेजात संस्कृत शिकवते. ही युक्ती मला १४व्या शतकातल्या विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पण' या काव्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात सापडली. नवरा दुसरीत गुंतल्याचा राग कशावरून येतो, याचे तिथे तीन प्रकार केलेत: पाहून, अनुमानाने आणि ऐकून. विश्वनाथाने हा राग फक्त बायकांच्या वाट्याला दिलाय, ते मला अजिबात पटत नाही. पुरुषही तितकेच जळतात.

तर तीन रकाने आखा आणि जे खुपतंय ते एकेक करून ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहा. माझ्या भाचीने आधी लिहिलं, 'तो हल्ली तिच्यासोबतच असतो.' म्हटलं, तू पाहिलंस? नाही. मग फोडून लिही. तो ऑफिसातल्या बाईच्या गाडीतून उतरला, असं शेजारच्या काकू म्हणाल्या: ऐकलेलं. रात्री साडेबाराला ऑनलाइन होता, पण हिच्या मेसेजला उत्तर नाही, म्हणजे तिच्याशीच बोलत असणार: अनुमान. जेवताना फोन पालथा ठेवतो: पाहिलेलं. पण पाहिला तो फक्त पालथा फोन. त्यामागची बाई अनुमानातच जाते. गल्लत नेमकी इथे होते, म्हणून हा रकाना पुन्हा तपासा.

अनुमानाच्या खुणाही विश्वनाथ देतो: झोपेत बरळणं, अंगावरच्या प्रणयाच्या खुणा, बोलता बोलता भलतंच नाव तोंडून निसटणं. आपलं 'लास्ट सीन' त्याहून कितीतरी कच्चं आहे.

मग बोलायला बसा, पोटात अन्न असताना. काकूंचं नाव काढू नका, नाहीतर सगळं भांडण काकूंवरूनच होईल. पाहिलेली एकच गोष्ट सांगा आणि त्याने तुमचं काय होतं तेही सांगा: "तू फोन पालथा ठेवलास की माझा घास अडतो." 'तुझं काहीतरी चाललंय' म्हणालात तर समोरचा बचावालाच लागणार. उत्तर मिळालं की उलटतपासणी करू नका. ते निदान एक रात्र मुरू द्या.

पाहिलेल्याच्या रकान्यात खरोखरच फसवणूक निघाली, तर प्रश्न तुमच्या मत्सराचा उरत नाही, मोडलेल्या शब्दाचा होतो. त्यावर सरळ बोला. आणि संशयापोटी जोडीदार तुमचा पासवर्ड मागत असेल, मैत्रिणींना भेटू देत नसेल, हात उगारत असेल, तर रकाने आखत बसू नका. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, तिथे फोन करा.