प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळते? व्यायाम करताना या चुका टाळा

लघवीसाठी घातलेली नळी निघते, घरी सोडतात आणि दुसऱ्याच दिवशी खाटेवरून उठताना पायजमा ओला होतो. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं असतं, काही दिवस गळेल, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम करा. महिन्याभराने तोच माणूस फिजिओथेरपीच्या खोलीत माझ्यासमोर बसून म्हणतो, ‘सगळं केलं, काही फरक नाही.’ करून दाखवा म्हटलं की पोट आत, मांड्या आवळलेल्या, श्वास कोंडलेला, चेहरा लाल. मेहनत भरपूर, फक्त ज्या स्नायूने करायची तोच आरामात बसलेला.

आपल्या खान्देशात व्यायाम म्हणजे जोर. केळीचा घड खांद्यावर घेणाऱ्याला हळू करा म्हटलं की ते औषधच वाटत नाही. पण इथे बिघडतं ते जोरामुळेच.

आधी आत काय झालंय ते समजून घ्या. लघवी अडवायला पुरुषाकडे दोन बंदोबस्त असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशी, तो आपोआप चालतो. दुसरा प्रोस्टेटच्या, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, खाली; तो आपण मनाने आवळू शकतो. कॅन्सरसाठी पूर्ण प्रोस्टेट काढताना वरचा बंदोबस्त जातो किंवा दुबळा होतो. ठिबकवाल्यांच्या भाषेत, मेन व्हॉल्व्ह गेला, आता सगळा दाब शेवटच्या कॉकवर. तो कॉक मजबूत करायचा, एवढंच काम आहे.

मागचं आवळणं, पुढचं विसरणं

‘गॅस रोखल्यासारखं करा’ ही सूचना सगळीकडे मिळते. ती चूक नाही, पण अपुरी आहे. तिने गुदद्वाराकडचा भाग जास्त आवळला जातो. लघवीच्या नळीभोवतीचा स्नायू पुढे आहे. त्यापेक्षा इंद्रिय आतल्या बाजूला आखूड करायचंय आणि अंडकोष किंचित वर उचलायचेत, असं मनात आणा. दार लावून आरशासमोर उभे राहा. नीट जमलं तर इंद्रियाचं मूळ थोडं आत ओढलं जाताना आणि अंडकोष जरासे वर जाताना दिसतात. नितंब हलता कामा नयेत. एक हात पोटावर ठेवा, पोट मऊ राहिलं पाहिजे. तोंडाने आकडे मोजता आले म्हणजे श्वास चालू आहे.

अंडकोषांच्या मागे, गुदद्वाराच्या पुढे दोन बोटं ठेवूनही कळतं. आवळल्यावर तो भाग बोटांपासून वर सरकला तर बरोबर. बोटांवर खाली ढकलला गेला तर तुम्ही संडासला बसल्यासारखं कुंथताय, आणि त्याने गळणं वाढतं. ही चूक मला सर्वांत जास्त दिसते.

लघवी करताना रोज धार तोडणं

स्नायू कुठे आहे ते ओळखायला एखाद वेळ चालेल. रोजचा व्यायाम म्हणून नको. मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि संसर्गाला वाट मिळते. ऑपरेशननंतरची नळी आत असताना तर आवळण्याचा कुठलाच व्यायाम करायचा नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर, म्हणजे लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून वाढलेली प्रोस्टेट खरवडली असेल तर, ती साधारण काही दिवसांत निघते, पूर्ण प्रोस्टेट काढल्यावर एक-दोन आठवड्यांनी. ऑपरेशन ठरलेलं असेल तर मात्र आधीपासून शिकून घ्या. दुखत नसताना स्नायू लवकर सापडतो.

दिवसभरात शंभरदा

सकाळपासून येता-जाता आवळत राहिलं तर संध्याकाळपर्यंत स्नायू दमतो, आणि दमलेला स्नायू गळू देतो. म्हणून कित्येकांना सकाळी कोरडं आणि दिवेलागणीला ओलं, असा अनुभव येतो. पाच सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं धरणं दहा सेकंदांपर्यंत न्या. त्यानंतर दहा झटपट आवळे, धरून न ठेवता. सोडणंही व्यायामच आहे, ते घाईत उरकू नका. सुरुवातीला आडवं पडून गुडघे वाकवून करा, मग बसून, मग उभं राहून.

व्यायाम गादीवर, गळती पंगतीत

गादीवर झोपून उत्तम व्यायाम करणारा माणूस लग्नात पंगतीतून उठतो आणि तिथेच फजिती होते. कारण गळती होते ती उठताना, खोकताना, शिंकताना, ओझं उचलताना, म्हणजे पोटात अचानक दाब वाढतो तेव्हा. त्या क्षणाच्या आधी स्नायू आवळायची सवय लावावी लागते. मांडी मोडून उठायचंय? आधी आवळा, मग हात टेका, मग उठा, उभे राहिल्यावर सोडा. भरिताच्या मिरच्या भाजल्या जातायत आणि ठसका येणार हे कळलं? आधी आवळा. गाडीला किक मारण्याआधी, बादली उचलण्याआधी तसंच. पहिले काही दिवस आठवण ठेवावी लागते, नंतर, पडताना हात आपोआप पुढे येतो तसा, तो स्नायूही येतो. माझ्या मते मोजून केलेल्या आवळ्यांइतकंच याला महत्त्व आहे, आणि शिकवलं मात्र हेच सगळ्यात कमी जातं.

लघवी करून कपडे सावरल्यावर दोन-चार थेंब पडतात, ते वेगळं. लघवीच्या मार्गात उरलेले थेंब असतात ते. अंडकोषांच्या मागे बोटाने हलकं दाबत पुढे आणा, थेंब तिथेच निघून जातील.

पाणी तोडणं

‘माले लाज वाटस’ म्हणत माणसं लग्नसराईत घराबाहेर पडत नाहीत, आणि पडली तर सकाळपासून पाणी पीत नाहीत. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, हे धोक्याचं आहे. शिवाय घट्ट, पिवळी लघवी मूत्राशयाला टोचते आणि घाई वाढते. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्याचं प्रमाण बांधून दिलं असेल तर तेवढंच. नाहीतर दिवसभर थोडं थोडं पीत राहा, झोपण्याआधीचे दोन तास कमी करा. कमी करायचाच तर चहा कमी करा. ‘असू दे, जाऊन येतो’ म्हणत दर अर्ध्या तासाला संडास गाठणंही सोडा, मूत्राशयाला कमी साठवायची सवय लागते.

बद्धकोष्ठता आणि बिडीचा खोकला, दोन्ही या स्नायूवर खालच्या दिशेने मार करतात. कुंथायला लागणार नाही एवढी पालेभाजी आणि पाणी हवं.

पंधरा दिवसांत निकाल मागणं

बहुतेकांची गळती महिन्यामहिन्याने कमी होत जाते. तीन महिन्यांत फरक दिसतो, पूर्ण सुधारायला वर्षही लागू शकतं. रात्र आधी कोरडी होते, दिवस नंतर. दिवसाला किती पॅड लागले ते वहीत लिहा, म्हणजे ‘काहीच फरक नाही’ हे खरं की नुसती निराशा ते कळेल. ओलं पॅड उन्हाळ्यात तासन्‌तास ठेवू नका, चट्टे येतात.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर काहींना गळण्यापेक्षा घाईच जास्त होते, दारापर्यंत पोचेस्तोवर सुटते. तिथे नुसता व्यायाम पुरत नाही, औषधही लागू शकतं. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

ताप, थंडी, रक्ताच्या गाठी पडणं किंवा लघवी अजिबात न होणं, यात व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. धार दिवसेंदिवस बारीक होत असेल तर लघवीचा मार्ग आकसत असू शकतो, तेही दाखवा. आणि मनापासून व्यायाम करूनही सहा महिने-वर्षानंतर दिवसाला अनेक पॅड लागतच असतील, तर स्लिंग (लघवीच्या मार्गाला खालून आधार देणारी पट्टी) किंवा कृत्रिम झडप बसवायची शस्त्रक्रिया आहे. ती नेहमी करणाऱ्या यूरॉलॉजिस्टकडे ऑपरेशनची फाईल आणि पॅडची वही, दोन्ही घेऊन जा.