साक्षरता वर्ग का बंद पडतात? कार्यकर्त्यांच्या बाबतीत या चुका टाळा

गावातला प्रौढ साक्षरता वर्ग बंद पडला की संस्थेच्या मासिक बैठकीत नेहमीचीच कारणं निघतात. बायकांना वेळ नाही, कापसाची वेचणी सुरू झाली, लाइट नव्हता, म्हाताऱ्यांना गोडी नाही. वेळेची अडचण खरीच आहे. पण भर वेचणीतही एका गावातला वर्ग चालतो आणि शेजारच्या गावातला बंद पडतो. हा फरक बहुतेक वेळा तिथल्या कार्यकर्तीमुळे पडतो: ती कोण आहे, तिला काय शिकवून पाठवलं, आणि अडल्यावर तिने कोणाला विचारायचं. म्हणून वर्ग अडखळला की आधी आपल्या माणसांची व्यवस्था तपासावी.

माणूस निवडताना

सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे मार्कशीट बघून निवड करणं. तालुक्याच्या गावाहून गाडीवर येणारा बीए झालेला मुलगा कागदावर चांगला दिसतो. पण आमच्याकडे विदर्भात बायका वावरातून दिवस मावळता येतात, स्वयंपाक करतात आणि आठच्या पुढे मोकळ्या होतात. त्या वेळी त्या मुलाला परत जायची घाई असते. त्याच गावची दहावी झालेली सून रात्री नऊलाही वर्गात असते, आणि कोणी आलं नाही तर घरी जाऊन हाक मारते. शिकवण्याची पद्धत तिला शिकवता येते. गावात राहणं मात्र प्रशिक्षणातून येत नाही.

वर्ग कुठे बसतो, यावरही कोण येणार हे ठरतं. मोठ्या शेतकऱ्याच्या वाड्यातली जागा फुकट मिळते, लाइट असतो, बसायला सतरंजी असते. पण त्याच्याच वावरात निंदणीला जाणाऱ्या बायका मालकिणीसमोर पाटी घेऊन बसत नाहीत. एकदोनदा येतात, मग येणं थांबतं, आणि कारण कोणी बोलून दाखवत नाही. गावाच्या दोन टोकांना दोन वस्त्या असतील तर दोन छोटे वर्ग आणि दोन कार्यकर्त्या ठेवा. दहा दहा जणींचे दोन वर्ग कागदावर महाग वाटतात, पण टिकतात तेच.

यवतमाळकडे कोलामांच्या पोडावर (वस्तीवर), मेळघाटात कोरकूंच्या गावी, गडचिरोलीत माडिया-गोंडी बोलणाऱ्या वस्तीत तर कार्यकर्ती तिथलीच हवी. तिथे मराठी ही शिकणारीची दुसरी भाषा असते. आधी तिच्या भाषेत गप्पा, मग मराठी शब्द, मग अक्षर, हा क्रम उलटला की वर्ग गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याला लोक उगाच लाजाळूपणा म्हणतात.

वेळापत्रकही गावागणिक वेगळं लागतं. पश्चिम विदर्भात वेचणी दिवाळीच्या आसपास जोर धरते. भंडारा-गोंदियाकडे जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी (लावणी) असते, पुढे मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. सगळ्या तालुक्यांना एकच वार्षिक आराखडा पाठवू नका.

पैशाचं बोलणं टाळू नका

केंद्राच्या साक्षर भारत योजनेत प्रेरकाला, म्हणजे गावातलं साक्षरता केंद्र चालवणाऱ्याला, महिना २००० रुपये मानधन होतं. ती योजना २०१८ मध्ये संपली. २०२२ ते २०२७ या काळासाठी आलेल्या केंद्राच्याच उल्लास या साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक विनामानधन शिकवतात. ते पाहून काही संस्थांनीही 'ही सेवा आहे' असं म्हणायला सुरुवात केली. माझं यावर स्पष्ट मत आहे: जिची एका दिवसाची मजुरी बुडते, तिच्याकडून फुकट सेवा मागू नये. मानधन देणं शक्य नसेल तर निदान तालुक्याच्या बैठकीचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी हातात द्या. समन्वयकाच्या पेट्रोलचं बिल निघतं आणि कार्यकर्तीचं काळीपिवळी जीपचं भाडं तीन महिने अडकतं, हे अनेक ठिकाणी चालतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे हे खरं, पण एसटी फाट्यापर्यंतच येते.

'डोक्यात राहत नाही' असं कोणी म्हणालं तर

प्रशिक्षणात हमखास सुटणारा विषय म्हणजे डोळे. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसणं हे जवळपास प्रत्येकाचं होतं. शहरातला माणूस चष्मा करतो. वावरात राबणाऱ्या बाईला रोजच्या कामात त्यावाचून फारसं अडत नाही, म्हणून ती कधी करत नाही. मग पन्नाशीत ती वर्गात येते, प्रवेशिकेतलं (वर्गाच्या पहिल्या पुस्तकातलं) 'घ' आणि 'ध' तिला सारखंच दिसतं, आणि ती म्हणते, "मले नाई जमत बाप्पा, डोक्यातच नाई रायत." नवीन कार्यकर्ती ते खरं मानते, तेच अक्षर दहादा गिरवून घेते. आठवड्याभरात बाई येणं बंद करते, आणि आपण हुशार नाही असं कायमचं ठरवून बसते. हे फार वाईट आहे, कारण इलाज इतका सोपा आहे.

पहिल्याच संध्याकाळी सुई-दोरा ठेवा आणि विचारा, "मावशी, सुईत दोरा कोण ओवून देतं?" नात देते म्हणाली की समजून जा. पुस्तक हात लांब करून धरणं, बल्बकडे तिरपं करणं, ही पण तीच खूण. साधारण एक ते अडीच नंबरचे तयार वाचनचष्मे स्वस्तात मिळतात. वेगवेगळ्या नंबरचे पाच-सहा वर्गाच्या पेटीत ठेवा आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात खडू-पाट्यांच्या शेजारी ती ओळ लिहा. चष्मा लावूनही धूसर दिसत असेल किंवा लांबचंही नीट दिसत नसेल, तर मोतीबिंदू असू शकतो. ग्रामीण रुग्णालयात तपासायला सोबत जा. सरकारी रुग्णालयात ती शस्त्रक्रिया मोफत होते. फळ्यावरचं अक्षर चार बोटं उंच काढा, आणि बल्ब असा टांगा की लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर पडणार नाही.

अंक उलटे येतात तेव्हा

बायकांना हिशोब येत नाही असं गृहीत धरून एक-दोन-तीनपासून सुरुवात करणं, ही दुसरी मोठी चूक. किती किलो वेचला, किलोचा भाव काय, आठवड्याचा चुकारा (मजुरीचे पैसे) किती झाला, हे त्या तोंडी करतात आणि चुकत नाहीत. अडतं ते लिहिताना. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच ऐकू येतात, म्हणून हात ५२ लिहितो. कार्यकर्तीने इथे 'चूक' म्हणून फुली मारली तर बाई गोंधळते, कारण तिचा हिशोब बरोबर असतो. दहाच्या दोन नोटा आणि रुपयाची पाच नाणी मांडा. नोटा डाव्या हाताला, सुटे उजव्या हाताला, आणि त्याच जागी आकडे लिहा. चार-पाच दिवसांत हात वळतो.

नोटांचा आणखी एक उपयोग आहे. २०१६ पासून आलेल्या नव्या मालिकेतल्या नोटांवर देवनागरी आणि इंग्रजी असे दोन्ही अंक छापलेले आहेत. पासबुक, मोबाइल, वीजबिल इंग्रजी अंकांतच येतं, त्यामुळे फक्त देवनागरी शिकवून थांबलात तर बाईला बँकेत पुन्हा कोणाला तरी विचारावं लागतं. महिनाभरात तिला स्वतःची वेचणीची वही घालून द्या: तारीख, किलो, भाव. चुकाऱ्याच्या दिवशी मालकाच्या वहीशेजारी स्वतःची वही उघडून बसलेली बाई वर्ग सोडत नाही.

वाचन आणि बोली

बाई 'डोया' म्हणते आणि तसंच लिहिते. ती जसं बोलते तसं तिने अचूक लिहिलं आहे, म्हणजे अक्षरं तिला आली आहेत. आधी हे मोकळेपणाने सांगा. मग पुस्तकात, अर्जात 'डोळा' असं लिहितात एवढं दाखवा. वऱ्हाडी बोलीला चारचौघांत 'अशुद्ध' म्हणणाऱ्या कार्यकर्त्याशी समन्वयकाने त्याच दिवशी बोलायला हवं.

भजनं वाचायला घेणं चांगलं. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना गावोगाव असते, ओळी पाठ असतात. पण पाठ असलेलं म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे. ओळीतला मधलाच एक शब्द बोटाने दाखवून विचारा, किंवा शब्दांच्या चिठ्ठ्या करून क्रम बदला.

सहीवर थांबू नका

अहवालात सही शिकलेल्यांचा आकडा झटपट वाढतो, म्हणून कार्यकर्त्यांवर त्याचाच दबाव येतो. जनगणनेच्या व्याख्येत समजून वाचता-लिहिता येणं अपेक्षित आहे. उल्लासच्या चाचणीतही वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५० गुणांचं असतं आणि प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. पण मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. अंगठा घेताना निदान कोणीतरी कागद वाचून दाखवायचं. सही करणारी बाई कागद वाचून सही करते असं समोरचा धरून चालतो, आणि कर्जगटाच्या छापील फॉर्मवर ती न वाचता नाव लिहून मोकळी होते. म्हणून सहीच्या धड्यासोबतच 'रक्कम', 'व्याज', 'हप्ता', 'जामीनदार' हे चार शब्द ओळखायला शिकवा, आणि कोऱ्या जागेवर सही करायची नाही हे खऱ्या फॉर्मवर दाखवा.

समन्वयकाने भेटीला गेल्यावर हजेरीपट शेवटी मागावा. आधी एका शिकणारीशेजारी बसून तिच्याकडून दोन ओळी वाचून घ्याव्यात. कार्यकर्तीला काही सांगायचं असेल तर वर्ग सुटल्यावर, बायकांसमोर नाही.

आणि कार्यकर्ती सोडून जाणारच, लग्न होतं, अंगणवाडीत नोकरी लागते. त्यासाठी प्रत्येक शिकणारीमागे वहीत एक पान ठेवा: कोणत्या धड्यावर आहे, चष्मा कोणत्या नंबरचा, कोणाशेजारी बसल्यावर बोलते, कोणत्या दिवसांत येणं जमत नाही. नवीन कार्यकर्ती येईल तेव्हा दोघींनी निदान पंधरा दिवस वर्ग सोबत घ्यावा, आणि त्या पंधरा दिवसांचं मानधन दोघींनाही द्यावं.