घासलेलं, भोक पडलेलं दुर्मिळ नाणं घ्यावं का? घ्यायचं तर काय काय बघून घ्यायचं

नाणी जमवायला लागलं की दोन-तीन वर्षांत हा प्रश्न येतोच. कधीपासून शोधत असलेलं नाणं एकदाचं समोर येतं, भावही खिशाला झेपेल असा असतो, आणि मग नीट बघितलं की कळतं हे कुणीतरी घासलंय, नाहीतर वरच्या बाजूला भोक बुजवलंय, नाहीतर राजाच्या गालावर हा एवढा ओरखडा. आता घ्यायचं का सोडायचं? "प्रॉब्लेमवालं नाणं कधीच घेऊ नका" असं सरसकट सांगणारे भरपूर भेटतात, मला ते पटत नाही. नाणं खरंच दुर्मिळ असेल तर खुशाल घ्या, फक्त आधी खोड नेमकी कोणती ते ओळखा, मग ती थांबलेली आहे का अजून चालूच आहे ते बघा, आणि भावाचं बोलणं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात, भाव स्वस्त दिसला की बाकीचं डोळ्याला दिसतच नाही.

पहिलं म्हणजे "दुर्मिळ" हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडून ऐकून विश्वास ठेवायचा नाही. अमेरिकेचा मॉर्गन डॉलर, म्हणजे त्यांचं एक जुनं चांदीचं नाणं, घ्या. १९२१ साली एकट्या फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत हे ४ कोटींच्या वर पाडले, त्यामुळे त्यातलं घासलेलं नाणं घ्यायला काही कारणच नाही, थोडं थांबलात तर चांगलं मिळतंच. पण तोच डॉलर १८९३ चा, सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीचा असेल तर तो निघालाच मुळी १ लाख. त्यातले बरेच वापरून झिजले, वितळले, आणि धडधाकट उरलेत त्यांचे भाव बघून आपण गप्प बसतो. इथे ओरखडेवालं नाणं घेणं हा शहाणपणाचा सौदा होऊ शकतो. नाणं तेच, डिझाईन तेच, पण साल आणि टाकसाळ बदलली की उत्तर बदलतं.

एक मात्र आहे, अशा महाग सालांच्या नाण्यावर ओरखडा नेमका टाकसाळीच्या अक्षराजवळ (नाणं कुठे पाडलं ते सांगणारं छोटं अक्षर) किंवा सालाच्या आकड्यांजवळ असेल तर माझे कान टवकारतात. साध्या नाण्यावर वरून अक्षर चिकटवणं, आकडा कोरून बदलणं हे धंदे जुने आहेत, आणि शेजारचा भाग घासून टाकला की सांधा दिसत नाही. तेव्हा हा डॅमेज आहे का खोटेपणा झाकायची युक्ती, हे ठरल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता बघायचं कसं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि एकच दिवा, बस. खोलीतली बाकीची लाईट बंद करा, ट्यूबलाईटच्या पसरट उजेडात काही कळत नाही. नाणं कडेने धरायचं आणि दिव्याखाली हळूहळू कलवत फिरवायचं. नाणं पाडताना ठशाच्या दाबाने धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अगदी बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात, त्यामुळे न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरताना दिसतो. घासलं की या रेषा जातात. मग नाणं चमकतं, पण उजेड फिरत नाही, एकाच जागी सपाट बसून राहतो. भिंगातून बघितलं तर एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या रेघा दिसतील, आणि अक्षरांच्या कोपऱ्यात, जिथे कापड पोचलं नाही तिथे, जुना काळपट मळ तसाच राहिलेला असेल. हे कोपऱ्यातलं काळं बघायची सवय लावून घ्या, चुगली तिथेच होते.

मी हे शिकलो ते पैसे घालवून. फोटोत एक चांदीचं नाणं असं लखलखत होतं की रात्री झोप लागेना, मागवलं, आलं, दिव्याखाली धरलं तर घासणीने खसाखसा घासलेल्या स्टीलच्या ताटासारख्या रेघा. फोटो समोरून, सपाट उजेडात काढलेला, त्यात काय दिसणार! तेव्हापासून मी विकणाऱ्याकडे तिरकं धरून फिरवलेल्या नाण्याचा व्हिडिओ मागतो आणि पसंत नाही पडलं तर परत घेणार का हे आधी लिहून घेतो. जो दोन्हीला टाळाटाळ करतो त्याचं नाणं मी बघतसुद्धा नाही.

क्लिनिंगमध्येही फरक आहेत बरं. केमिकलमध्ये बुडवून काढलेलं, म्हणजे डिप केलेलं चांदीचं नाणं: काळेपणा म्हणजे चांदीची गंधकाशी झालेली जोडी, डिप ती काढतं पण सोबत वरचा पातळसा थर पण नेतं. एकदा थोडक्यात केलं असेल तर ओळखूही येत नाही, वारंवार केलं की नाणं निर्जीव पांढरं पडतं. त्याहून वाईट म्हणजे फिरत्या तारेच्या ब्रशने केलेलं, याला व्हिझिंग म्हणतात, यात धातू सरकून अक्षरांच्या कडेला बारीक वरंबा तयार होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोरून काढलेलं, झिजलेले केस, पिसं, मुकुट कुणीतरी सुईने परत "उठवलेले". असलं नाणं मी फुकट दिलं तरी नाही घेणार, कारण त्यावर टाकसाळीचं काय आणि त्या कारागिराचं काय हेच कळत नाही.

याच्या उलट, काही गोष्टी डॅमेजसारख्या दिसतात पण नसतात. अमेरिकेचा १७९४ चा एक चांदीचा डॉलर २०१३ मध्ये १ कोटी डॉलरच्या वर गेला, आणि त्या नाण्याच्या मधोमध चांदीचं बूच आहे आणि अंगावर कानशीच्या रेघासुद्धा आहेत! हे सगळं टाकसाळीतच झालेलं: चकती वजनाला कमी भरली तर बूच, जास्त भरली तर कानस, आणि मग त्यावर ठसा. म्हणून रेघ दिसली की ती ठशाच्या खाली आहे का वर ते बघा, ठशाच्या दाबाने ती चेपून पुसट झाली असेल तर ती ठशाच्या आधीची. तसंच अमेरिकेने आशियातल्या व्यापारासाठी पाडलेल्या चांदीच्या ट्रेड डॉलरवर चिनी व्यापाऱ्यांनी मारलेल्या छोट्या खुणा, त्या मुद्दाम गोळा करणारे लोक आहेत. प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यावर आत चांदीच आहे का बघायला दिलेला घाव दिसतो, तो त्या काळचाच व्यवहार आहे, मला तर आवडतो. भाव मात्र त्याने उतरतोच, त्यामुळे नाही आवडला तरी घासाघीस करायला उपयोगी. आणि प्राचीन नाण्यांना "क्लीन केलेलं नको" हा नियम लावूच नका, जमिनीतून निघालेलं नाणं साफ केल्याशिवाय वाचताच येत नाही.

आता चालू असलेली खोड. ओरखडा उद्या वाढणार नाही, भोक मोठं होणार नाही. पण तांबं-ब्राँझच्या नाण्यावर फिक्कट हिरवी भुकटी असेल, लाकडी काडीने टोचली की पिठासारखी झडत असेल, तर तो ब्राँझचा रोग. धातूत अडकलेले क्लोराईड हवेतल्या ओलाव्याने नाणं आतून खात राहतात. टणक, गुळगुळीत हिरवा थर ही वेगळी गोष्ट, तो उलट नाण्याला शोभतो. शंका असेल तर नाणं वेगळ्या डबीत ठेवा, बाकीच्यांबरोबर नको, आणि काही आठवडे लक्ष ठेवा, झटकलेली भुकटी परत आली तर नक्की समजा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून येणारा चिकट हिरवट थर पण असाच खात बसतो, पण तो वेळेत सापडला तर शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो: काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, आगीपासून लांब, आणि अजिबात न चोळता. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे अ‍ॅसिटोन नव्हे, त्यात वास आणि तेलं असतात. टूथपेस्ट, बेकिंग सोडा, खोडरबर वगैरे प्रयोगांचं नाव पण काढू नका.

समुद्रातल्या नाण्यांचं वेगळंच. १८५७ ला बुडालेल्या 'सेंट्रल अमेरिका' नावाच्या जहाजातलं सोनं शंभर वर्षांहून जास्त काळ पाण्याखाली राहून पण कितीतरी नाणी झळझळीत निघाली, कारण सोन्याला खारं पाणी फारसं काही करत नाही. चांदी मात्र पार कुरतडली जाते. १६२२ ला बुडालेल्या 'आतोचा' या स्पॅनिश जहाजाची नाणी बघा, काहींची कड निम्मी गेलेली. तरी लोक घेतात, कारण नाणं कुठून आलं ते माहीत असतं, फक्त ते सांगणारा कागद नसेल तर नुसतं कुरतडलेलं नाणं म्हणूनच भाव द्या.

ग्रेडिंगबद्दल थोडक्यात. पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासणाऱ्या अमेरिकी कंपन्या, पहिली १९८६ पासून आणि दुसरी १९८७ पासून, १ ते ७० च्या मापावर नाणी तपासून सीलबंद देतात, खोड असेल तर नंबर मिळत नाही, "डिटेल्स" लिहून पुढे कारण येतं. याचा मोठा फायदा म्हणजे नाणं अस्सल आहे ही खात्री. पण "डिटेल्स, क्लीन्ड" या एकाच शब्दात हलक्या हाताने पुसलेलं आणि ब्रशने सोलून काढलेलं दोन्ही बसतात, म्हणून दोन सारख्या लेबलांच्या नाण्यांत एक मी आनंदाने घेईन आणि दुसऱ्याला हात लावणार नाही.

भावाचं पक्कं गणित कुणाकडे नाही. त्याच नाण्याचे, तशाच खोडीचे जुने लिलाव सापडले तर उत्तम. नाही सापडले तर खोड धरून नाणं कुठल्या पायरीला बसतं ते ठरवायचं: तपशील 'व्हेरी फाईन' प्रतीचा पण समोर मोठा ओरखडा, मग मी त्याच्या खालच्या, म्हणजे जास्त झिजलेल्या 'फाईन' प्रतीचा भाव धरतो, भोक असेल तर अजून बरंच खाली. आणि तेवढ्याच पैशात एक निखळ, नुसतं जास्त झिजलेलं नाणं मिळत असेल तर डोळे मिटून ते घ्या, कारण विकायची वेळ येते तेव्हा झिजलेल्याला गिऱ्हाईक मिळतं, घासलेल्याला प्रत्येक जण नाक मुरडून अजून कमी करा म्हणतो.

माझ्याकडे एक भोकवालं नाणं आहे, भोकाची एक बाजू दोऱ्याने घासून अगदी गुळगुळीत झालेली, कुणीतरी वर्षानुवर्षं गळ्यात घातलेलं असणार. ते बुजवून देतो म्हणणारे दोघे भेटले. दोघांनाही नको म्हटलं, बुजवलेलं भोक भोकच राहतं, वर आणि लपवाछपवीचा डाग लागतो.