बाजार चालवणाऱ्या कंपनीचा शेअर कसा जोखावा

नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या नोकरदारापासून निफाडच्या द्राक्ष बागायतदारापर्यंत अनेकांकडे आता डीमॅट खाती आहेत. बीएसई (मुंबई शेअर बाजार) आणि एमसीएक्स (सोने, तेल अशा वस्तूंचा वायदे बाजार) या बाजार चालवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरनी गेल्या काही वर्षांत घेतलेली झेप पाहून 'आता घ्यावा का' असे ते विचारतात. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी स्वतः तपासून घ्याव्यात: अशा कंपनीची उलाढाल नेमकी कोणत्या सौद्यांतून येते, आणि ती एका आदेशाने कमी करण्याचा अधिकार कोणाकडे आहे.

लासलगावच्या बाजार समितीला कांदा साठवावा लागत नाही; लिलाव झालेल्या मालावर तिला बाजार फी मिळते, आणि लिलाव बंद राहिले की ती फीही थांबते. शेअर बाजार चालवणाऱ्या कंपनीचे मुख्य उत्पन्न याच जातीचे असते. म्हणून तिमाही निकाल उघडल्यावर एकूण नफ्याकडे जाण्यापूर्वी उत्पन्नाची फोड पाहावी. बीएसईच्या बाबतीत सौद्यांवरील शुल्क, कंपन्यांकडून मिळणारे नोंदणी शुल्क, म्युच्युअल फंडांच्या व्यवहारांसाठीचा 'स्टार एमएफ' मंच आणि गुंतवणुकीवरील व्याज असे वेगवेगळे झरे दिसतील. शिवाय डीमॅट खात्यांतले शेअर सांभाळणाऱ्या सीडीएसएलमध्ये तिचा १५ टक्के हिस्सा आहे. एमसीएक्सचे उत्पन्न सोने, चांदी, कच्चे तेल, नैसर्गिक वायू यांच्या वायद्यांवर (पुढच्या तारखेच्या सौद्यांवर) आणि ऑप्शनवर (ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीचा हक्क देणाऱ्या करारांवर) बेतलेले आहे. नोंदणी शुल्क वर्षानुवर्षे येत राहते, तर ऑप्शनवरील शुल्क बाजारातील उत्साहाबरोबर चढते आणि उतरते. या दोहोंना एकाच मापाने मोजू नये.

ऑप्शनची उलाढाल वाचताना विशेष सावध राहावे. बातम्यांमध्ये छापले जाणारे लाखो कोटींचे आकडे बहुधा नोशनल उलाढालीचे, म्हणजे कराराच्या पूर्ण मूल्याचे असतात. कंपनीला शुल्क मात्र प्रीमियमच्या, म्हणजे ऑप्शन घेताना प्रत्यक्ष मोजलेल्या रकमेच्या, उलाढालीवर मिळते, आणि ती रक्कम नोशनलच्या तुलनेत फारच लहान असते. या फरकाचा फटका बीएसईच्या भागधारकांना एप्रिल २०२४ मध्ये बसला: बीएसईने सेबीला, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाला, द्यायचे नियामक शुल्क प्रीमियमवर नव्हे, तर नोशनल उलाढालीवर भरावे, असे सेबीने कळवल्यावर २९ एप्रिलला शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून अधिक घसरला.

नियामकाचे वजन या धंद्यात इतर बऱ्याच धंद्यांपेक्षा जास्त आहे, आणि माझ्या मते सामान्य गुंतवणूकदार सर्वांत कमी लक्ष याकडेच देतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने इंडेक्स डेरिव्हेटिव्हच्या (निर्देशांकावरील वायदे व ऑप्शनच्या) कराराचे किमान मूल्य १५ लाख रुपये केले आणि प्रत्येक बाजाराला एकाच प्रमुख निर्देशांकावर साप्ताहिक (दर आठवड्याला संपणारे) करार चालवण्याची मुभा ठेवली. त्यामागे सेबीचाच अभ्यास होता: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत डेरिव्हेटिव्हमध्ये व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांनी पैसे गमावले होते. ज्या उत्पन्नाच्या मुळाशी सामान्य माणसाचा तोटा आहे, त्यावर पुन्हा बंधने येऊ शकतात असे गृहीत धरूनच किंमत लावावी. विजेचे सौदे चालवणाऱ्या आयईएक्सचे उदाहरणही ध्यानात ठेवण्याजोगे आहे; जुलै २०२५ मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने निरनिराळ्या मंचांवरील मागणी-पुरवठा एकत्र करून एकच भाव काढण्याची व्यवस्था आणायचे ठरवले, आणि तो शेअर एका दिवसात चतुर्थांशाहून अधिक कोसळला. असे प्रस्ताव अनेकदा आधी मसुदा म्हणून नियामकाच्या संकेतस्थळावर येतात. ते वाचण्याची सवय लावावी.

आता आकडेमोड. या कंपन्यांचा बराचसा खर्च संगणक प्रणाली आणि कर्मचाऱ्यांवर होतो व तो उलाढालीबरोबर फारसा हलत नाही. समजा, उत्पन्न १०० रुपये, खर्च ४० आणि नफा ६० आहे, व उत्पन्नातले ७० रुपये ऑप्शनमधून येतात. ऑप्शनची उलाढाल ३० टक्क्यांनी घटली तर उत्पन्न ७९ वर आणि खर्च तोच राहिल्यास नफा ३९ वर येईल, म्हणजे नफ्यातली घट ३५ टक्के. नफ्याच्या ५० पट भावाने घेतलेला शेअर मग त्याच भावाला जवळपास ७७ पट ठरतो. म्हणूनच सर्वोत्तम वर्षाचा नफा धरून पीई (भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) काढू नये. तीन-चार वर्षांची सरासरी घ्यावी आणि वरच्यासारखे एक वाईट वर्षही कागदावर मांडून पाहावे.

संगणक प्रणाली कोणाची आहे, हेही वार्षिक अहवालात शोधावे. एमसीएक्सला जुन्या पुरवठादाराशी करार वाढवत नेताना मोठी रक्कम मोजावी लागली, सप्टेंबर २०२३ च्या तिमाहीत कंपनी तोट्यात गेली, आणि ऑक्टोबरमध्ये टीसीएसने बांधलेली नवी प्रणाली सुरू झाली. त्या एका तिमाहीचा पीई पाहून निष्कर्ष काढणारा फसला असता.

भावाचा इतिहास पाहताना बोनस विसरू नये. बीएसईचा शेअर २०१७ च्या प्रारंभिक विक्रीत ८०६ रुपयांना मिळाला होता. पुढे २०२२ आणि २०२५ मध्ये एकास दोन बोनस (एका शेअरवर दोन फुकट शेअर) मिळाल्याने त्या एका शेअरचे नऊ झाले, म्हणजे आजच्या हिशेबाने तो भाव सुमारे ९० रुपये होतो. प्रवर्तकांचा हिस्सा शून्य दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण शेअर बाजारात कोणाही एका व्यक्तीने ५ टक्क्यांहून अधिक हिस्सा ठेवू नये असाच नियम आहे. बाजाराला स्वतःच्याच मंचावर नोंदणी करता येत नाही, म्हणून बीएसईचा शेअर एनएसई या दुसऱ्या शेअर बाजारावर मिळतो.

या धंद्याची एक सोय मात्र दुर्मीळ आहे. बहुतेक कारखान्यांचा माल किती खपला हे तिमाही निकालापर्यंत कळत नाही. बाजारांची उलाढाल त्यांच्या संकेतस्थळांवर रोज जाहीर होते. महिन्यातून एकदा प्रीमियम उलाढालीची सरासरी वहीत उतरवावी आणि मागील तिमाहीशी ताडून पाहावी. आकडा सलग घसरत असताना भाव चढत असेल, तर नवी खरेदी पुढचा निकाल येईपर्यंत थांबवावी.