मोहिमेचे पैसे भरण्याआधी मुक्काम मोजा

उंच शिखराच्या मोहिमेचं वेळापत्रक हातात आलं की किमतीआधी मुक्कामांची उंची बघा; विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळ लागतो. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी विश्रांती हवीच. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपलात तर उत्तमच. खराब हवेसाठी राखीव दिवस किती, हेही विचारा.

मग गाइडला विचारा, शिखराच्या दिवशी किती वाजता मागे फिरायचं? ‘बघू तेव्हा’ म्हणणाऱ्याच्या दोराला मी तरी स्वतःला बांधणार नाही.

उंचीमुळे होणारी डोकेदुखी, मळमळ लपवू नका. सरळ रेषेत चालताना तोल जायला लागला, तर लगेच खाली उतरायचं. सकाळची वाट बघायची नाही.