सामाजिक कामात एंजल गुंतवणूक करताय? या चुका टाळा

जालना जिल्ह्यातल्या एका गावात मी सोलर ड्रायर (उन्हाच्या उष्णतेवर भाजी वाळवणारं यंत्र) बघायला गेले, तेव्हा ते बनवणाऱ्या कंपनीत एंजल गुंतवणूक करून, म्हणजे नव्या कंपनीत सुरुवातीलाच स्वतःचे पैसे घालून, आठ महिने झाले होते. कंपनीच्या अहवालात ‘वाटलेले ड्रायर’ हा आकडा दर तिमाहीला वाढत होता. बचत गटाच्या ताईंनी अंगणातल्या ड्रायरचं झाकण उघडून दाखवलं. आत जाळीच्या ट्रेवर गोवऱ्या रचून ठेवलेल्या. “यंत्र चांगलंय हो, टोमॅटो दोन दिवसांत कडक वाळतो. पण वाळवलेला घ्यायला येतं कोण?” त्या म्हणाल्या.

पैसे देण्याआधी मी हे अंगण बघायला हवं होतं. सामाजिक गुंतवणुकीतली सगळ्यात महागडी चूक हीच. काम चांगलं आहे म्हटलं की आपण प्रश्न विचारायचे थांबतो. एखाद्या दुकानात पैसे घालताना गिऱ्हाईक कोण, उधारी किती, हे आपण खोदून विचारतो. शेतकऱ्यांसाठी, बायकांसाठी काम करणाऱ्या कंपनीला तेच विचारायला मात्र संकोच वाटतो. तो बाजूला ठेवा. कंपनीने सोबत न पाठवलेल्या चार-पाच लोकांना तरी स्वतः जाऊन भेटा. वस्तू आजही वापरात आहे का आणि तिचे पैसे कोण देतं, एवढे दोन प्रश्न पुरतात.

वाटपाचा आकडा म्हणजे परिणाम नव्हे

आंध्र प्रदेशात 2010 साली मायक्रोफायनान्सचं, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देण्याच्या धंद्याचं, जे झालं, ते या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं. किती महिलांना कर्ज दिलं, हाच यशाचा आकडा ठरला होता. एकेका बाईवर अनेक संस्थांची कर्जं चढली, वसुलीचा जाच वाढला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने या संस्थांवर बंधनं घालणारा अध्यादेश काढला आणि राज्यातली वसुली जवळपास थांबली. गुंतवणूकदारांचे पैसे अडकले, पण त्याआधी त्या बायकांचे संसार अडकले होते. म्हणून सुरुवातीलाच कंपनीशी बसून एकच माप ठरवा, आणि ते गिऱ्हाइकाच्या बाजूचं असू द्या. ड्रायर किती विकले हे कंपनीच्या कामाचं, किती किलो माल वाळून विकला गेला हे त्या ताईंच्या.

संस्था कुठल्या प्रकारची, हे न बघणं

ट्रस्ट, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची (ना-नफा) कंपनी नफा वाटू शकत नाही. तिथे दिलेले पैसे देणगी समजूनच द्या, आणि आनंदाने द्या. एंजल गुंतवणूक प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत शेअर घेऊन होते. काही संस्थापक दोन्ही चालवतात. तिथे आपला पैसा कुठल्या खात्यात जातोय आणि ब्रँड, यंत्राचं डिझाइन कुणाच्या नावावर आहे, हे लेखी घ्या.

‘कागद नंतर करू’

ओळखीतल्या माणसाला चेक देऊन मोकळं होणारे बरेच आहेत. प्रायव्हेट प्लेसमेंटमध्ये, म्हणजे निवडक लोकांनाच शेअर देताना, कंपनीने आधी तुमच्या नावाने ऑफर लेटर (पीएएस-4) द्यावं लागतं. पैसे बँकेतूनच जातात, रोख चालत नाही. पैसे मिळाल्यापासून 60 दिवसांत शेअर वाटप आणि त्यानंतर 15 दिवसांत पीएएस-3 (वाटप झाल्याची सरकारकडे द्यायची नोंद) भरणं बंधनकारक आहे. तो भरेपर्यंत कंपनीला हे पैसे वापरता येत नाहीत. बऱ्याच नव्या संस्थापकांना हे माहीतच नसतं.

पैसे देऊन बसलात आणि हातात काहीच नाही? मग आधी पीएएस-3 ची प्रत मागा. वाटप झालंच नसेल, तर 60 दिवसांनंतरच्या 15 दिवसांत रक्कम परत करावी लागते, नाही केली तर साठाव्या दिवसानंतरपासून वर्षाला 12 टक्के व्याज लागतं. हे सौम्य शब्दांत, पण ईमेलवर लिहून कळवा.

सगळे पैसे एकाच फेरीत

दोन कोटींच्या पोस्ट-मनी व्हॅल्युएशनला (नवे पैसे धरून ठरलेली कंपनीची किंमत) 10 लाख घातले तर तुमचा वाटा 5 टक्के. पुढच्या फेरीत, म्हणजे कंपनी पुन्हा पैसे उभारते तेव्हा, 20 टक्के नव्या गुंतवणूकदाराला गेले की तो 4 टक्क्यांवर येतो. यात फसवणूक काही नाही, पण पुढच्या फेरीसाठी हातात पैसे न ठेवणारा मागे पडत जातो. शेती, पाणी, आरोग्य यांतल्या कंपन्यांना वाढायला वेळही जास्त लागतो. बुडाले तरी घर चालेल, मुलांची फी भरली जाईल, तेवढेच पैसे इथे घाला.

‘एंजल टॅक्स’ची, म्हणजे रास्त किमतीपेक्षा चढ्या भावाने शेअर विकल्यावर कंपनीला लागणाऱ्या कराची, भीती मात्र आता नको. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला.

संस्थापक बोलेनासा झाला तर

बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो. लांबलचक अहवालाऐवजी महिन्याला एक पान मागा: बँकेत किती शिल्लक, महिन्याचा खर्च किती, आणि ठरलेलं माप कुठवर आलं. जालन्यातल्या त्या भेटीनंतर आमच्या ड्रायरच्या कंपनीने नवे ड्रायर विकणं सहा महिने थांबवलं आणि फक्त खरेदीदार शोधायला एक माणूस नेमला. आता दर महिन्याच्या पानावर पहिली ओळ असते, ‘वाळवून विकलेला माल, किलो’.