जीन थेरपीवर विद्यार्थी-संशोधन: पहिला प्रश्न, पहिलं गणित, पहिली प्लेट

जीन थेरपीवर प्रोजेक्ट करायचं ठरवलं की बहुतेक विद्यार्थी रोगापासून सुरुवात करतात. ‘कॅन्सरवर जीन थेरपी’ असं शीर्षक लिहून होतं आणि तिथेच गाडी अडते, कारण त्यात प्रश्नच नसतो. सहा महिन्यांत, हाताशी असलेल्या साधनांनी ज्याचं उत्तर मोजता येईल असा प्रश्न हवा. ‘दृष्टिपटलाच्या अमुक आजाराचं जनुक एएव्ही वाहकात (जनुक पेशीत नेणाऱ्या विषाणूत) मावतं का, आणि मावत नसेल तर काय छाटता येईल?’ हा चांगला प्रश्न आहे. ‘एकाच जनुकासमोर दोन वेगळे प्रमोटर (जनुक चालू करणारे डीएनएचे तुकडे) लावले तर प्रयोगशाळेतल्या एचईके२९३टी पेशींत प्रथिन किती कमी-जास्त बनतं?’ हाही चांगला. पहिल्याला फक्त संगणक लागतो, दुसऱ्याला प्रयोगशाळा. आधी पहिल्या जातीचा प्रश्न पूर्ण करा, मग पेशींना हात लावा.

एक रोग, एक जनुक, चार नोंदी

एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारा आजार निवडा आणि वहीत चार गोष्टी लिहा: बिघाड अप्रभावी आहे (जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार) की प्रभावी (एकच बिघडली तरी आजार), कोणत्या पेशींत दुरुस्ती पोचायला हवी, त्या पेशी पुढे विभागतात का, आणि प्रथिन किती अमिनो आम्लांचं आहे.

पहिली नोंद सगळ्यात महत्त्वाची. अप्रभावी आजारात प्रथिन मुळात बनतच नाही किंवा निकामी बनतं, त्यामुळे जनुकाची चांगली प्रत पोचवली की काम होण्याची शक्यता असते. हंटिंग्टनसारख्या प्रभावी आजारात बिघडलेलं प्रथिन स्वतःच पेशीला घातक असतं. तिथे चांगली प्रत घालून भागत नाही, बिघडलेली प्रत गप्प करावी लागते किंवा संपादित करावी लागते. हा फरक न समजता लिहिलेले प्रस्ताव पहिल्याच वाचनात बाजूला पडतात.

पेशी विभागतात का, यावर वाहक ठरतो. एएव्हीने नेलेला डीएनए बहुतांशी गुणसूत्रात शिरत नाही, केंद्रकात सुटा राहतो. दृष्टिपटलातल्या किंवा चेतापेशींसारख्या न विभागणाऱ्या पेशींत तो वर्षानुवर्षं टिकू शकतो. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींत मात्र दर विभाजनाला विरळ होत जातो. म्हणून रक्ताच्या मूलपेशींसाठी लेंटिव्हायरस (रेट्रोव्हायरसचाच एक प्रकार) वापरतात, कारण तो जनुक गुणसूत्रातच बसवतो. त्यात धोकाही आहे. एक्स-एससीआयडी या प्रतिकारशक्तीच्या आजारावरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत रेट्रोव्हायरस एलएमओ२ या जनुकाजवळ जाऊन बसला आणि काही मुलांना पुढे ल्युकेमिया झाला. आजच्या लेंटिव्हायरस वाहकांच्या रचनेत या अनुभवाचा मोठा वाटा आहे.

बिघडलेल्या जनुकालाच हात लावायला हवा असंही नाही. सिकल सेलवरच्या, २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कॅसजेव्ही या उपचारात मूलपेशी शरीराबाहेर काढतात आणि बीसीएल११ए या दुसऱ्याच जनुकाचा नियंत्रक भाग क्रिस्पर या जनुक-कात्रीने कापतात. त्यामुळे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं.

मावतं का? हे गणित हाताने करा

एएव्हीची क्षमता साधारण ४,७०० बेस (डीएनएची अक्षरं). त्यात दोन्ही टोकांचे आयटीआर हे ठरावीक तुकडे प्रत्येकी १४५ म्हणजे २९० बेस खातात. नेहमीचा सीएमव्ही प्रमोटर सुमारे ६००, जनुकाच्या शेवटी लागणारा पॉली-ए संकेत सुमारे २२५. म्हणजे जनुक घालण्याआधीच जवळजवळ १,११५ बेस गेले.

आता युनिप्रॉट या प्रथिनांच्या ऑनलाइन कोशात दृष्टिपटलाच्या एका आजाराचं जनुक, आरपीई६५, उघडा. प्रथिन ५३३ अमिनो आम्लांचं. गुणिले ३, अधिक थांबण्याच्या संकेताचे ३: १,६०२ बेस. एकूण सुमारे २,७१७. आरामात बसतं, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली लक्सटर्ना ही जीन थेरपी हीच वाट वापरते. मग सीएफटीआर उघडा, सिस्टिक फायब्रोसिसचं जनुक. १,४८० अमिनो आम्लं म्हणजे ४,४४३ बेस. नुसते आयटीआर जोडले तरी ४,७३३, आणि प्रमोटर अजून लागलेलाच नाही. यापुढे खरं संशोधन सुरू होतं: आखूड प्रमोटर, प्रथिनाचा अनावश्यक भाग छाटणं, किंवा जनुक दोन वाहकांत विभागून पेशीत पुन्हा जोडणं. प्रत्येक पर्यायात काय गमवावं लागतं ते लिहा. दोन वाहकांच्या वाटेत दोन्ही एकाच पेशीत पोचले तरच पूर्ण प्रथिन बनतं, म्हणून परिणामकारकता घटते.

या टप्प्यावर नेहमी होणारी चूक म्हणजे जनुकाची गुणसूत्रावरची पूर्ण लांबी धरणं. त्यात इंट्रॉन (प्रथिनाचा संकेत नसलेले मधले तुकडे) असतात आणि आकडा कित्येक पटींनी फुगतो. मोजायचा तो फक्त प्रथिनाचा संकेत देणारा भाग. एका जनुकाच्या अनेक प्रतिलेखांपैकी (आरएनए रूपांपैकी) कोणता घेतला तेही नावानिशी नोंदवा.

वाचन

एक ताजा आढावा लेख पुरे. त्यानंतर मूळ शोधनिबंधच वाचा, दहा-बाराच, पण तक्ता करून: वाहक, डोस, देण्याचा मार्ग, प्राणी की माणूस, कंट्रोल (तुलनेचा गट) कोणता, किती दिवस पाहिलं. सारांश आधी, मग आकृत्या, मग पद्धती. निष्कर्ष शेवटी वाचा, नाहीतर आकृतीत लेखकांचंच मत दिसू लागतं.

डोसचा रकाना बोलका असतो. लक्सटर्नात एका डोळ्याला सुमारे १५ हजार कोटी वाहक-कण देतात. स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफीवरची झोलजेन्स्मा शिरेतून देतात, तर तिथे वजनाच्या दर किलोमागे सुमारे ११० लाख कोटी. डोळा लहान आणि बऱ्याच अंशी बंदिस्त अवयव आहे. शिरेतून दिलेला वाहक सगळ्या अंगभर पसरतो आणि यकृताला त्याचा मोठा भार सोसावा लागतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत अॅडेनोव्हायरसच्या (हा एएव्हीहून वेगळा वाहक) मोठ्या डोसनंतर १८ वर्षांच्या जेसी गेल्सिंगरचा तीव्र प्रतिकार-प्रतिक्रियेने मृत्यू झाला. डोसचा आकडा नुसता उतरवून घेऊ नका, तो तेवढा का आहे ते समजून घ्या.

क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवही विद्यार्थ्यांसाठी खजिना आहे. एकाच आजाराच्या सगळ्या चाचण्या तक्त्यात घ्या आणि थांबवलेल्या चाचण्यांपुढे दिलेलं कारण जरूर वाचा. एवढ्यावर एक स्वतंत्र, प्रामाणिक प्रोजेक्ट उभा राहतो.

पहिली प्लेट

प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधी मार्गदर्शक आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची लेखी परवानगी घ्या. एचईके२९३टी या मानवी पेशी आहेत, त्यांच्यासोबत साधारणपणे जैवसुरक्षा पातळी २ ची शिस्त पाळतात. पहिल्या प्रोजेक्टात विषाणू बनवू नका, जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असलेलं साधं प्लास्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) पुरतं. आणि असं काहीही स्वतःच्या किंवा कुणाच्याही अंगात टोचायचं नाही, कधीच नाही.

सहा खणांची प्लेट घ्या. आदल्या दिवशी प्रत्येक खणात २ मिली माध्यमात (डीएमईएम, १० टक्के सीरम) ६ ते ८ लाख पेशी टाका आणि ३७ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तळ ७० ते ८० टक्के झाकलेला दिसला की थांबू नका. दर खणासाठी एका नळीत १०० मायक्रोलिटर सीरमविरहित माध्यमात २ मायक्रोग्रॅम प्लास्मिड, दुसऱ्या नळीत तेवढ्याच माध्यमात ६ मायक्रोग्रॅम पीईआय (डीएनए पेशीत शिरायला मदत करणारं रसायन). दोन्ही एकत्र करून १५ मिनिटं सामान्य तापमानाला ठेवा आणि खणात थेंब थेंब सोडा. या पेशी तळाला सैल चिकटतात. माध्यम बदलताना धार खणाच्या भिंतीवर सोडा, पेशींवर सोडली तर थरच्या थर सुटून येतो. हिरवी चमक २४ तासांत दिसू लागते, मोजणी ४८ तासांनी करा.

चमक दिसली नाही तर या क्रमाने तपासा. प्लास्मिडचं २६०/२८० गुणोत्तर (शुद्धतेचं माप) १.८ च्या आसपास आहे का? मिश्रण बनवताना चुकून सीरमचं माध्यम वापरलं का? पेशी फार दाट झाल्या होत्या का? पीईआय वारंवार गोठवून वितळवलं का? सगळं ठीक असेल तर मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची चाचणी करा. हा संसर्ग साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही आणि महिनोन्‌महिने निकाल बिघडवत राहतो. पेशीच मरत असतील तर पीईआय कमी करून पाहा.

एका खणात फक्त पीईआय घाला, प्लास्मिड नको. मरणाऱ्या पेशी स्वतःच थोड्या हिरवट चमकतात, आणि हा खण नसेल तर ती चमक तुम्ही यश म्हणून मोजाल. एका खणाला काहीच करू नका.

पुढे आयटीआर असलेली प्लास्मिडं हाताळायची वेळ आली तर ती एसटीबीएल३सारख्या जिवाणूंत, ३० अंशांना वाढवा. आयटीआर स्वतःवर घड्या घालतात आणि नेहमीच्या जिवाणूंत त्यांचे तुकडे गळून जातात. दर वेळी एसएमए-१ या विकराने कापून जेलवर पट्टे तपासा. ही तपासणी टाळली तर वाहक का बनत नाही हे शोधण्यात अख्खं सत्र जातं.

मोजणीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. एकाच दिवशी एकाच प्लेटमधले तीन खण म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. ते एकाच प्रयोगाचं तीनदा केलेलं मोजमाप असतं. वेगवेगळ्या दिवशी, नव्याने लावलेल्या पेशींवर तीनदा करा आणि आलेखात तिन्ही दिवसांचे ठिपके वेगळे दाखवा. सरासरीच्या एका खांबाआड दिवसादिवसांतला फरक लपतो, आणि तो बहुतेकदा दोन प्रमोटरांमधल्या फरकापेक्षा मोठा निघतो.

मार्गदर्शक शोधताना

पत्र एका पानाचं असू द्या: तुमचा प्रश्न दोन ओळींत, वरचं मावण्याचं गणित, शोधनिबंधांचा तक्ता जोडलेला, आणि आठवड्याला किती तास देऊ शकता तो खरा आकडा. ज्यांना लिहिता आहात त्यांच्याच एखाद्या आकृतीबद्दल एक नेमका प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा आणि मग पुढच्या प्रयोगशाळेला लिहा.